फेज-फील्डने भेगांचं गणित: आठ महिन्यांनंतर

काचेला तडा कुठून आणि कसा जाईल हे गणिताने काढणं, हे माझं रोजचं काम. आधी मी भेगेच्या टोकाशी ताणाची तीव्रता काढायचो, भेग जराशी पुढे सरकवायचो, मेश (गणितासाठी पट्टीचे लहान घटकांत पाडलेले जाळे) नव्याने पाडायचो आणि पुन्हा तेच. भेग एकच असेपर्यंत जमतं. दोन भेगा एकमेकींकडे वळल्या की अख्खा दिवस मेश दुरुस्त करण्यात जातो.

म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी फेज-फील्ड पद्धतीकडे वळलो. तिच्यात भेग ही रेघ नसते. प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो: ० म्हणजे शाबूत, १ म्हणजे तुटलेला, आणि मधला बदल अरुंद पट्ट्यात होतो. मूळ विचार ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याचा, १९२१ मधला: पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होऊन नव्या पृष्ठभागाची किंमत भागली, तरच भेग वाढते. फ्रांकफोर आणि मारिगो या संशोधकांनी १९९८ मध्ये तो एकूण ऊर्जा किमान करण्याचा प्रश्न म्हणून मांडला, आणि २००० मध्ये बूर्दँसोबत तो संगणकावर सोडवता येईल असा केला. त्यामुळे भेगेची वाट आधी ठरवून द्यावी लागत नाही, ती गणितातूनच निघते. पद्धत बदलल्याचं समाधान मला आजही वाटतं ते यासाठी.

सुरुवात सगळे करतात त्याच उदाहरणाने केली: १ मिमी चौरस पट्टी, मध्यापर्यंत खाच, वरून ओढ. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग दोन-चार पायऱ्यांत भेग आरपार. पण तीच पट्टी आडवी सरकवली तेव्हा एका भेगेऐवजी वर एक आणि खाली एक अशा दोन फुटल्या. दाबाखालची ऊर्जाही मी भेगेच्या खात्यात धरली होती. ताण आणि दाब यांची ऊर्जा वेगळी केल्यावर एकच भेग उरली, खाली वळणारी.

खरा घोळ पट्ट्याच्या रुंदीचा, म्हणजे ℓ चा. कित्येक आठवडे मी तिला नुसती गणिताची सोय समजत होतो. लांब खाच असेल तर ते खपून जातं. खाच नसलेल्या पट्टीत मात्र ℓ निम्मी केली की ताकद सुमारे १.४ पट होते, कारण ताकद ℓ च्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते. म्हणजे ℓ पदार्थाकडूनच घ्यायला हवी. काचेसाठी ७० गिगापास्कल कडकपणा, तुटण्याची ऊर्जा ८ ज्यूल प्रति चौ. मीटर आणि ४० मेगापास्कल ताकद धरली, तर सूत्राच्या नेहमीच्या, एटी-२ नावाच्या रूपात ℓ येते ०.०३७ मिमी. मेशचा घटक तिच्या निम्मा घेतला, तरी १० सेंमी चौरस पट्टीत सगळीकडे तेवढी बारीक मेश म्हणजे जवळपास तीन कोटी घटक. माझ्या मशीनवर ते शक्यच नव्हतं, म्हणून भेग जाईल त्या भागातच मेश बारीक ठेवतो. आणि निम्मा घटक घेतल्यावरही तुटण्याची ऊर्जा गणितात २५ टक्के जास्त धरली जाते, हे कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. आता इनपुट देतानाच ती १.२५ ने भागतो.

वेळ फार लागतो, हे खरं. भेग सुटण्याच्या क्षणी एका पायरीत शेकडो आवर्तनं होतात आणि रन तिथेच अडून बसतो. तिथे सहनशीलतेची मर्यादा (किती चूक उरली की आवर्तनं थांबवायची, तो आकडा) सैल करू नका. मी एकदा केली आणि भेग उशिरा सुटली.

सध्या मधोमध गोल भोक असलेली पट्टी घेतली आहे. भेग वळून भोकात शिरते आणि थांबते. पलीकडच्या गुळगुळीत कडेतून ती पुन्हा कधी निघेल, हे ℓ वरच ठरतं. तिथे अजून दोन ℓ घेऊन पाहतो आहे.