वाळूजमधील आमच्या कारखान्यात झालेले एफएमईए प्रशिक्षण

वाळूज एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात दुचाकींच्या ब्रेक पेडलची जुळणी होते. ग्राहक कंपनीच्या ऑडिटपूर्वी आम्ही एका स्वतंत्र प्रशिक्षकाकडून एफएमईएचे, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम आधीच शोधून त्यांवर उपाय करण्याच्या पद्धतीचे, दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. यापूर्वी एका सल्लागाराने करून दिलेले पत्रक दुसऱ्याच कारखान्याचे उतरवलेले निघाले होते. आमच्याकडे हीट ट्रीटमेंट होत नसताना त्यात भट्टीच्या बिघाडांच्या ओळी होत्या. त्यामुळे या वेळी अपेक्षा बेताचीच होती.

१९४९ मधील अमेरिकी लष्कराची कार्यपद्धती आणि पुढे वाहन उद्योगाने केलेला तिचा स्वीकार, हा इतिहास प्रशिक्षकांनी थोडक्यात आटोपला आणि सर्वांना थेट बुश (पेडलच्या भोकात बसणारी छोटी नळी) बसवण्याच्या प्रेसजवळ नेले. बुश उलटा बसण्याच्या बिघाडाला आमच्या पत्रकात तीव्रता ९, वारंवारता ४ आणि शोधक्षमता २ असे दहापैकी गुण होते; बिघाड जितका सहज सापडतो, तितका शोधक्षमतेचा गुण कमी. गुणाकार ७२, आमची मर्यादा १०० ची, म्हणून काहीच केलेले नव्हते. याउलट रंगावरील ओरखड्याचे ३, ६ आणि ८ मिळून १४४ झाले होते, आणि सगळा खर्च तिकडे गेला होता. तपासणी नुसत्या डोळ्यांनी होत असताना शोधक्षमतेला २ गुण कसे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. शिवाय ते २ मान्य केले, तरी अमेरिकी व जर्मन वाहन उद्योग संघटनांच्या २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हस्तपुस्तिकेनुसार, जिथे गुणाकाराऐवजी कृतीचा अग्रक्रम, म्हणजे उपायाची निकड, पाहतात, बुशचा बिघाड ‘उच्च’ आणि ओरखडा ‘निम्न’ ठरतो, हे त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून दाखवले.

कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहिले होते. त्यांनी ते खोडायला लावले आणि प्रेस चालवणाऱ्या ताईंना विचारले. बुशच्या एकाच कडेला चॅम्फर, म्हणजे तिरपा उतार, आहे आणि रात्रपाळीत प्रेसवर हाताची सावली पडल्याने तो दिसत नाही, असे त्यांनी सांगितले. एवढी वर्षे हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता, याची मला मनापासून खंत वाटली. फिक्स्चरमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, पिन बसवल्यापासून उलटा बुश आत बसतच नाही. वारंवारतेचा गुण त्यामुळे खाली आला. तीव्रता मात्र ९ च ठेवायची, कारण डिझाइन बदलल्याशिवाय परिणाम सौम्य होत नाही, हे प्रशिक्षकांनी आवर्जून बजावले.

उणिवाही आहेत. डिझाइन एफएमईए, म्हणजे हीच पद्धत उत्पादनाच्या रचनेला लावणे, तासाभरात उरकले गेले, आणि छापील साहित्य केवळ इंग्रजीत असल्याने ऑपरेटरांना ते वाचता आले नाही. ज्यांच्या माहितीवर पत्रक उभे राहते, त्यांच्यासाठी मराठी प्रत हवीच होती. स्वतः डिझाइन करणाऱ्या कारखान्यांना हे प्रशिक्षण अपुरे पडेल. जुळणी किंवा मशीनिंगची कामे करणाऱ्या मराठवाड्यातील पुरवठादारांनी मात्र ते जरूर घ्यावे, आणि दोन्ही दिवस किमान दोन ऑपरेटरांना लाइनवरून मोकळे करून सोबत बसवावे.