58 सीसी चेनसॉ, 22 इंची पट्टी: हंगामभर वापरल्यावर, आणि मुख्यतः ऑइल पंपाबद्दल

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ती सोडून देतो. खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागात तारांना लागून वाढलेली झाडं उतरवायला हे मशीन वापरलंय: गुलमोहर, रेन ट्री, बांधावरचे सिल्व्हर ओक, जुनी जांभळं. ताकदीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पट्टीला (चेन जिच्याभोवती फिरते तिला) तेल पोचवणाऱ्या यंत्रणेबद्दल, आणि ती सविस्तर लिहितोय, कारण तारांजवळच्या कामात हाच दोष सगळ्यात महागात पडतो.

मोकळ्या शेतात चेन कोरडी पडली तर मशीन खाली ठेवायचं, थंड होऊ द्यायचं. तारांजवळ ती चैन नाही. वन खात्याची परवानगी (कर्नाटकात वृक्ष संरक्षण कायदा 1976 चा आहे) आणि हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसातला अर्ज, हे सगळं पार पडल्यावर एलसी, म्हणजे लाइन बंद करून काम करायची परवानगी मिळते. लाइनमन जीओएस, म्हणजे खांबावरचा लाइन तोडणारा स्विच उघडतो, तार मेली आहे हे तपासतो, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावतो. मग हातात येतो तो जेमतेम तास-दोन तासांचा वेळ. त्यात अर्धी कापलेली फांदी तारेवर झुकलेली असताना चेन अडकली, तर ना फांदी सोडता येते, ना लाइन चालू करता येते. गावातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी खोळंबतात आणि लाइनमन डोक्यावर उभा.

तेल पोचत नसेल तर पट्टीच्या कडेवर निळसर झाक येते, चेन तापून सैल पडते. आपण ती ताणतो, गार झाली की ती पट्टीला घट्ट आवळते. म्हणून काम सुरू करण्याआधी ही तपासणी कराच: पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरा आणि पाऊण थ्रॉटल द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पट्टी काढा, बुडाजवळचं तेलाचं बारीक भोक तारेनं मोकळं करा, खोबणीतला भुसा खरवडा. जांभळाचा ओला भुसा तेलात कालवून खोबणीत असा बसतो की नुसत्या हवेनं निघत नाही.

एवढं करूनही रेघ येईना. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: हा भाग झिजेत धरतात, वॉरंटी नाही, अख्खा पंपाचा संच बदला. दोन स्टार द्यायचे ठरलं होतं. पण क्लच उघडल्यावर मत बदललं. पंप ठणठणीत होता. संपलं होतं ते त्याला फिरवणारं, क्लचमागचं प्लास्टिकचं वर्म गिअर (स्क्रूसारख्या दातांचं). दात सपाट! सुटं गिअर चिल्लर किमतीत मिळतं, धातूचंही मिळतं. उघडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दोरीचा तुकडा आत सोडला की पिस्टन अडतो. आणि क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतो. सवयीनं डावीकडे जोर लावला तर तो आणखी आवळतो.

गिअर खातं कोण? बहुतेक वेळा गॅरेजमधलं फुकटचं जळकं ऑइल. त्यात धातूचा कीस असतो, टाकीतली जाळी तुंबते, पंप जड होतो आणि प्लास्टिकचे दात जातात. काटकसर मलाही कळते, पण ही काटकसर नव्हे. साधं एसएई 30 इंजिन ऑइल घाला. पेट्रोलची एक टाकी संपेस्तोवर तेलाचीही टाकी जवळजवळ रिकामी व्हायला हवी. तेल उरलं तर ते पट्टीला पोचलेलं नाही.

पेट्रोलला लिटरमागे 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे 25:1. इथेनॉलचं मिश्रण टाकीत महिनाभर ठेवू नका, प्रायमरचा (दाबून पेट्रोल ओढायचा) फुगा आणि नळ्या कडक होतात.

आता उपयोगाची मर्यादा. हे मशीन बुंध्यासाठी आहे, शेंड्यासाठी नाही. वर चढून 22 इंची पट्टी चालवणं धोक्याचं आहे. वर 12 इंची हलकं मशीन किंवा हातकरवतच बरी. एलसी मिळून अर्थिंग लागेपर्यंत माणूस, फांदी, दोर, काहीही तारेच्या 3 मीटरच्या आत नको. ओला नायलॉन दोर आणि ओली फांदी दोन्हींतून करंट येतो. आजूबाजूच्या घरांचे जनरेटर बंद आहेत का तेही विचारा, मेलेल्या तारेत मागून करंट येऊ शकतो.

तारेवरच्या फांद्या टोकाकडून तुकड्यातुकड्यानं, दोन्ही बाजूंनी बांधून उतरवायच्या. 30 सेंमी जाडीचा मीटरभर ओला ओंडका 65-70 किलो भरतो. दोर खोडाला दोन-तीन वेढे देऊन हळू सोडा, झटका बसू देऊ नका. उरलेल्या बुंध्याची उंची तारेपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी झाली की मगच तो एकदम पाडायचा. 60 सेंमीच्या बुंध्याला तारेच्या उलट बाजूला 12 ते 15 सेंमी खोल खाच, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, मध्ये 6 सेंमीचा पट्टा न कापता राखलेला. बुंधा या पट्ट्यावरच वळतो, तो कापून टाकला की झाड वाटेल तिकडे जातं.

या बुंध्याच्या कामाला मशीन उत्तम आहे. धातूचं गिअर बसवल्यापासून पुठ्ठ्यावर रेघ दर वेळी उमटतेय. चार स्टार. पाचवा कंपनीनं तेच गिअर कारखान्यातून बसवून दिलं तर. वळिवाआधी घेणार असाल तर एक जादा चेन, .325 पिचच्या (चेनच्या दुव्यांमधलं अंतर, इंचात) चेनला लागणारी 4.8 मिमीची गोल कानस आणि सुटं गिअर त्याच बिलात घ्या.