छापील नियम की घरचे नियम? वॉटर्लूचा डाव

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या रविवारच्या बैठकीत षटकोनी घरांच्या नकाशावर वॉटर्लू, म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या लढाईवरचा युद्धखेळ, मांडलं की पहिला प्रश्न हाच असतो: पुस्तिकेप्रमाणे खेळायचं की आपल्या नियमांनी?

पुस्तिकेने वाद लगेच मिटतो. अशा बऱ्याच खेळांत बळाचं गुणोत्तर काढताना अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडतात. हल्ला करणाऱ्याचं बळ ११ आणि बचाव करणाऱ्याचं ४ म्हणजे दोनास एक, मग कितीही हळहळा. नवख्यासोबत मी असंच खेळतो. हरल्यावर चूक कुठे झाली ते त्याला शोधता येतं.

पण वॉटर्लूची खरी अडचण वेगळी आहे. १८ जून १८१५ च्या सकाळी नेपोलियनला वाटत होतं, लिनी गावाजवळ हरलेले प्रशियन (ब्रिटिशांच्या बाजूचं जर्मन सैन्य) लवकर परतणार नाहीत. दुपारी साडेचारच्या सुमारास ते त्याच्या उजव्या बगलेवर लढाईत उतरले. आपल्याला हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे फ्रेंच खेळाडू पहिल्याच फेरीपासून उजवीकडे फौज राखून बसतो. हा नेपोलियनचा निर्णय नाहीच!

म्हणून आमचा घरचा नियम: प्रशियन कोणत्या फेरीत येणार ते नेपोलियनविरुद्धच्या दोस्तांकडचा खेळाडू गुपचूप फासा टाकून चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठी घडी घालून नकाशाशेजारी. दान फार लवकरचं पडलं तर डाव एकतर्फी होतो, हे खरं; मग बाजू बदलून दुसरा डाव खेळतो. मुरलेल्यांसाठी मला हेच आवडतं.

अट एकच. नियम पहिल्या फेरीआधी ठरला पाहिजे. मधेच कुणी नवा काढला की मित्र म्हणतो, “भाऊ, आता नाही, पुढच्या रविवारी.”