तामियाचा पँझर 38(टी) ई/एफ : 1/35 प्रमाणातील प्रतिकृती संचाचे परीक्षण

मार्च 1939 मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा उरलासुरला भाग गिळंकृत केला, तेव्हा प्रागच्या सीकेडी कारखान्यात तयार होत असलेला एक हलका पण अत्यंत भरवशाचा रणगाडा, म्हणजेच पँझर 38(टी), जर्मन सैन्याला आयता मिळाला. पोलंड, फ्रान्स आणि पुढे रशियाच्या मोहिमेत जर्मन चिलखती दलांचा मोठा भार या चेक रणगाड्याने वाहिला. त्याची जपानच्या तामिया कंपनीने काढलेली प्रतिकृती मला मनापासून आवडली.

जोडल्यावर रणगाड्याची लांबी सुमारे 13 सेंटिमीटर भरते. सुटे भाग एकमेकांत अचूक बसतात आणि चाकांभोवती फिरणारे पट्टे अखंड रबराचे नसून प्लॅस्टिकच्या लहानमोठ्या तुकड्यांनी जोडायचे असल्यामुळे ते चाकांवर वजनाने टेकल्यासारखे दिसतात. प्रत्येक बाजूची चार मोठी चाके आणि त्यांना जोडीजोडीने पेलणारे, ट्रकला असतात तसले स्प्रिंगचे पाटे, ही या रणगाड्याची खरी ओळख. ती इथे नेमकी उतरली आहे. मात्र सर्वांत अधिक दाद द्यावी लागेल ती रिव्हेटांना, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांना. मूळ वाहनाचे चिलखती पत्रे बऱ्याच अंशी रिव्हेटांनी जोडलेले होते आणि बाहेरून जबर मार बसला की त्या रिव्हेट तुटून आत उडत व चौघांच्या चमूला जखमी करत. म्हणून हे बारीक उंचवटे मी घासकागदापासून जपले. नवशिक्यांनीही सांधे साफ करताना ही काळजी घ्यावी.

खरेदीपूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ई आणि एफ या आवृत्त्यांचे उत्पादन 1940 च्या अखेरीस सुरू झाले, त्यामुळे मे 1940 मध्ये जर्मन सेनानी रोमेलच्या 7व्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनबरोबर बेल्जियममधील दिनां येथे म्यूज नदी ओलांडणारा रणगाडा म्हणून ही प्रतिकृती मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. आधीच्या आवृत्त्यांच्या 25 मिलिमीटर दर्शनी चिलखतावर यात आणखी 25 मिलिमीटरचा थर चढवलेला आहे आणि हा बदल प्रतिकृतीतही दिसतो. तिची योग्य जागा 1941 च्या रशियन मोहिमेत आहे, जिथे सोव्हिएत टी-34 रणगाड्यापुढे मूळ वाहनाची 37 मिलिमीटरची तोफ तोकडी पडली. त्या काळासाठी सगळीकडे एकच गडद करडा रंग पुरेसा आहे. त्याच्या जोडीला तपकिरी रंगाचे पट्टे देण्याची पद्धत 1940 च्या मध्यापर्यंतची होती.

गोंद आणि रंग वेगळे घ्यावे लागतात. फ्रान्सच्या मोहिमेचेच दृश्य उभारायचे असेल, तर तामियाचाच पँझर 2 ए/बी/सी हा संच घ्यावा, कारण तो त्या मोहिमेसाठीच काढलेला आहे.