सकाळचे पन्नास नमुने आणि एजंटांचा फळा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात कोथरूडला आमचं छोटं कलेक्शन सेंटर आहे. सकाळी साडेसहा ते साडेदहा या वेळात आमचे पाच जण दुचाकीवरून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतात. रोजच्या पंचेचाळीस-पन्नास व्हिजिट, वारज्यापासून नारायण पेठेपर्यंत. कोणी कुठे किती वाजता जायचं हे मी वर्षानुवर्षं रात्री जेवणं आटोपल्यावर वहीत मांडत आले. गेल्या जूनपासून ते काम एकमेकांना मदत करणारे सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्रॅम, करतात.

एका मुलीला दहा घरं दिली तर त्यांचा क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतो. बारा घरं दिली तर आकडा ४७ कोटींच्या पुढे जातो. गणितात हा प्रश्न जुना आहे. डँटझिग आणि रामसर यांनी १९५९ साली पेट्रोलपंपांना माल पोचवणाऱ्या टँकरसाठी तो मांडला होता. आमच्याकडे मात्र नुसतं अंतर वाचवून भागत नाही. फास्टिंगवाल्या आजोबांना नऊपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही. साध्या ट्यूबमधलं रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजला (रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणाऱ्या यंत्राला) लागायला हवं, नाहीतर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसू शकतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पीपी, खाल्ल्यानंतरच्या साखरेची तपासणी. त्याच घरी पुन्हा जायचं, तेही नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी. एकाचा नाश्ता लांबला की माझ्या वहीतलं पूर्ण पान बिघडायचं.

आधी एक तयार ॲप घेऊन पाहिलं होतं. ते एकच उत्तर द्यायचं, का दिलं ते कळायचं नाही आणि पटलं नाही तर बदलताही यायचं नाही. तीन आठवड्यांत बंद केलं. मग बाणेरला आयटीत असलेला माझा भाचा म्हणाला, "मावशी, एकाच हुशाराला विचारण्यापेक्षा पाचसहा जणांना एकाच फळ्यावर काम करू दे."

ही रीत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक सरोश तालुकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तिला ते ‘ए-टीम’ म्हणत, असिंक्रोनस टीम. पुढे आयबीएमने कागद गिरण्यांच्या वेळापत्रकासाठी ती वापरली. यात कोणीच साहेब नसतो. एक सामाईक फळा असतो, त्यावर अनेक आराखडे एकाच वेळी असतात. काही एजंट पहिल्यापासून नवा आराखडा बनवतात. आमच्याकडे एक जण क्लार्क आणि राइट यांच्या १९६४ च्या बचत पद्धतीने बनवतो (कुठली घरं एकाच फेरीत जोडली तर किती अंतर वाचेल ते बघून), दुसरा ओआर-टूल्स या गूगलच्या असे प्रश्न सोडवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून. काही एजंट फळ्यावरचा कुठलाही आराखडा उचलून त्यात सुधारणा करतात : एकमेकांना छेदणारे रस्ते सोडवतात, एकीचं घर दुसरीला देऊन बघतात. एकाचं काम नुसतं पुसण्याचं, टुकार आराखडे फळ्यावरून काढायचे. कोणी कोणासाठी थांबत नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपवर हे रात्री साडेनऊला सुरू होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत तीन-चार चांगले पर्याय समोर येतात.

मला या रचनेवर विश्वास बसला तो पहिल्याच आठवड्यात. भाचा म्हणाला, तुझ्या वहीतला आराखडाही फळ्यावर टाक. टाकला. एजंटांनी तो माझा म्हणून वेगळा ठेवला नाही की बाजूला सारला नाही. उचलला, त्यातली डहाणूकर कॉलनीतली दोन घरं इकडची तिकडे केली, बाकी सगळा तसाच ठेवला. त्या दिवशी तोच सगळ्यात चांगला ठरला. इतकी वर्षं डोक्यात साठवलेलं, कुठल्या सोसायटीत वॉचमन नाव लिहून घेतल्याशिवाय सोडत नाही, कुठल्या आजींना दार उघडायला वेळ लागतो, हे टाकून द्यावं लागलं नाही. आजही आठवड्यातून दोनदा तरी मी माझा आराखडा टाकते.

तक्रारीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. पहिल्या महिन्यात किलोमीटर खरंच कमी झाले, पण आमची सगळ्यात अनुभवी मुलगी एक दिवस म्हणाली, "मॅडम, लिफ्ट नसलेल्या सगळ्या बिल्डिंगी मलाच का येतात?" तपासलं तर तिचं खरं होतं. ती भराभर काम उरकते, म्हणून प्रत्येक आराखड्यात जिने तिच्या वाट्याला येत होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. भाच्याने मग आणखी एक एजंट बसवला, जो फक्त आठवड्याभरातले जिने मोजतो आणि वाटून देतो. बाकीच्यांना हात लावावा लागला नाही, एका संध्याकाळी काम झालं. किलोमीटर थोडे वाढले, ते मी आनंदाने मान्य केले.

दुसरी तक्रार नकाशाची. सुरुवातीला वेळा चारचाकीच्या हिशोबाने धरल्या होत्या, त्यामुळे फक्त दुचाकींचा झेड ब्रिज एजंटांच्या लेखी नव्हताच. खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि नदीतला भिडे पूल पाण्याखाली गेला, तेव्हा आमचा एक मुलगा पुलाच्या तोंडाशी जाऊन परत फिरला. आता रस्ता बंदची खूण मी हाताने करते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या सकाळी लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक चालूच असते, त्या दिवशी पेठांमधल्या व्हिजिट घ्यायच्याच नाहीत हेही मलाच सांगावं लागलं. पुण्याचं पंचांग एजंटांना आपोआप कळत नाही.

पीपीसाठी मात्र वेगळी सोय आहे आणि ती मला मनापासून आवडते. इथे फळा नाही, लिलावासारखी बोली आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फोनवर त्याचा एजंट असतो. रुग्णाने ‘८.२० ला खायला सुरुवात केली’ असं कळवलं की १०.२० ची व्हिजिट पुकारली जाते. प्रत्येक एजंट आपल्या उरलेल्या कामाकडे बघून सांगतो, मला इतका वळसा पडेल. सगळ्यात कमी वळसा ज्याला, त्याला काम. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली ‘काँट्रॅक्ट नेट’ पद्धत ती हीच. पूर्वी असे फोन मला यायचे आणि मी एका हाताने नमुन्यांवर लेबलं लावत दुसऱ्या हाताने कोण कुठे आहे ते विचारत बसायचे. पीपीची वेळ चुकून पुन्हा बोलवावं लागलं, असं डिसेंबरपासून दोनदाच घडलंय. दोन्ही वेळा रुग्णाने वेळच कळवली नव्हती.

खर्च म्हणाल तर भाच्याचे रविवार आणि फोनच्या डेटाचे पैसे. पण घरात असा भाचा नसेल तर हे उभं करणं सोपं नाही, हे स्पष्ट सांगते. पाचपेक्षा कमी माणसं असतील तर वही पुरते. आणि पत्ते आधी नीट करून घ्या. ‘मारुतीच्या देवळामागे’ असले पत्ते नकाशावर टाकण्यातच माझा पूर्ण मे महिना गेला.

आता बावधनच्या व्हिजिट वाढल्या आहेत आणि चांदणी चौकाच्या पलीकडे एक सहावी मुलगी घ्यायची आहे. तिची घरं सुरुवातीला कमी ठेवणारा, नवख्या हातांना वेळ देणारा एक एजंट मी भाच्याकडे मागितला आहे. येत्या रविवारी बसतोय आम्ही.