जादू, खोड्या आणि शेवटची दोन पानं: चार चित्रपुस्तकांतून एक निवडताना

चार ते सात वर्षांच्या मुलासाठी जादूचं, खोड्यांचं एखादं इंग्रजी चित्रपुस्तक घ्यायचं ठरवलं की चार नावं हमखास पुढे येतात: ‘स्ट्रेगा नोना’, ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’, ‘द कॅट इन द हॅट’ आणि ‘सिल्व्हेस्टर अँड द मॅजिक पेबल’. चारही अमेरिकेत निघालेली, सगळ्यात धाकटं १९७५ सालचं, तरी अजून विकली जाणारी. चारही घ्यायची तयारी असेल तर प्रश्नच मिटला. पण भाच्याच्या वाढदिवसाला एक, किंवा घरच्या पोरीसाठी या महिन्यात एक, असा हिशेब असेल तर थोडा विचार करावा लागतो, कारण मुखपृष्ठ बघून ती एकाच जातीची वाटतात आणि आत फार वेगळी निघतात.

माझी पद्धत सोपी आहे. दुकानात उभ्या उभ्या पुस्तक शेवटाकडून उघडायचं. खोडी रंगवून सांगण्यात ही सगळी मंडळी पटाईत आहेत, तिथे फरक करणं कठीण. खोडी निस्तरतं कोण आणि खोडकराचं पुढे काय होतं, इथे मात्र चौघांची चार तोंडं चार दिशांना. आवडलेलं पुस्तक मूल एकदा ऐकून सोडत नाही, महिना महिना रोज रात्री मागतं. म्हणजे तो निवाडाही रोज रात्री ऐकतं.

‘स्ट्रेगा नोना’पासून सुरुवात करतो, कारण मराठी घरात ते सगळ्यात लवकर रुळतं असं माझं मत आहे. टोमी डीपाओला यांनी ते लिहिलं आणि चितारलं. १९७६ मध्ये त्याला कॅल्डिकॉट सन्मान मिळाला. (कॅल्डिकॉट हा अमेरिकेतला चित्रपुस्तकांच्या चित्रांसाठीचा पुरस्कार; पहिल्या मानाचं ते पदक, त्याखालोखाल सन्मान.) गोष्ट घडते दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियात. गावात एक जादूगार आजी राहते, तीच स्ट्रेगा नोना. लोक तिच्याबद्दल मागे कुजबुजतात, पण डोकं दुखायला लागलं, चामखीळ आली, मुलीला नवरा मिळेना, की तिच्याच दारात उभे. गावचा पाद्री आणि मठातल्या नन्सही त्याला अपवाद नाहीत. तेल, पाणी आणि केसातली पिन एवढ्यावर ती डोकेदुखी उतरवते. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणारी आजी किंवा पणजी ज्या मुलानं पाहिली आहे, त्याला या चित्रापाशी काही समजावून सांगावं लागत नाही. चेटकीण म्हटलं की आपल्याकडच्या मुलांना ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली ती दुष्ट बाई आठवते. इथली चेटकीण डोक्याला रुमाल बांधते, शेळी पाळते आणि गावाच्या अडीनडीला उपयोगी पडते. हा बदलच मला मोलाचा वाटतो.

म्हातारपणामुळे ती हाताखाली एक गडी ठेवते. बिग अँथनी त्याचं नाव, आणि त्याचा गुण एकच: तो कुठे लक्षच देत नाही. झाडलोट, भांडी, बागेतलं तण, शेळीचं दूध, विहिरीचं पाणी, सगळं करायचं. पास्त्याच्या भांड्याला मात्र हात लावायचा नाही. मग एके संध्याकाळी तो चोरून बघतो. आजी भांड्यापाशी गाणं म्हणते आणि भांडं पास्त्यानं भरतं, दुसरं गाणं म्हणते आणि ते थांबतं. गाणी त्याला पाठ होतात. शेवटी आजीनं भांड्याकडे तीन पाप्या फुंकल्या, तेवढं त्याच्या नजरेतून सुटतं.

या पुस्तकातलं मला सगळ्यात आवडणारं पान पास्त्याच्या पुराचं नाही, त्याच्या आधीचं आहे. अँथनी गावात जाऊन सांगतो की माझ्या मालकिणीकडे जादूचं भांडं आहे, आणि सगळा गाव त्याला हसतो. खोडीचं बी तिथे पडतं. आजी डोंगरापलीकडे मैत्रिणीला भेटायला जाते तेव्हा तो भांडं चालू करतो ते खाण्याच्या हव्यासानं नव्हे, ‘खोटं बोलत नव्हतो’ हे दाखवायला. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या निम्म्या खोड्यांचं मूळ हेच असतं. गाव पोटभर जेवतो, अँथनी वाकून वाकून वाहवा घेतो, आणि भांडं काही थांबत नाही. आपल्या अक्षयपात्राला निदान द्रौपदी जेवली की थांबायचं कळत होतं. इथे पास्ता दारातून, गल्लीतून, उतारावरून वाहत सुटतो आणि लोक गाद्या, टेबलं, दारं आडवी टाकून बांध घालतात. मुलं खिदळतात ती इथे.

कल्पना जुनीच आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहात खिरीसारखी गोड पेज शिजवत राहणारं भांडं आहे, आणि गुरूच्या माघारी अर्धा मंत्र म्हणून घर पाण्यात बुडवणारा शिष्य जर्मन कवी गोएथेच्या १७९७च्या कवितेत आहे. डीपाओला यांनी या दोन्ही धाग्यांना इटालियन स्वयंपाकघर दिलं आणि शेवट स्वतःच्या चवीनं केला. आजी परत येते, पाप्या फुंकते, पूर थांबतो. गावकरी म्हणतात, याला लटकवा. (लहान मुलापुढे वाचताना मी इथे ‘बदडून काढा’ म्हणतो, ज्याचा त्याचा निर्णय.) आजी म्हणते, गुन्ह्याला शोभेल अशी शिक्षा हवी, आणि त्याच्या हातात काटा देते. पास्ता हवा होता ना? खा आता सगळा, मला रात्री माझ्या पलंगावर झोपायचंय. शेवटच्या चित्रात अँथनीचं पोट टम्म फुगलेलं. कोणी त्याला कामावरून काढत नाही, हे मुलं बरोबर टिपतात. फुकट पास्ता हादडणाऱ्या गावाला मात्र काहीच शिक्षा नाही, हेही एखादं चलाख मूल विचारतंच.

एक धोक्याची सूचना. तुमच्या घरी जेवणावरून रोज लढाई होत असेल, ‘ताटातलं संपव’ हे वाक्य मुलाच्या डोळ्यांत पाणी आणत असेल, तर पोट फुटेस्तोवर खायची शिक्षा त्याला गमतीची वाटणार नाही. अशा मुलासाठी हे पुस्तक वर्षभर थांबू द्या. तीन वर्षांच्या मुलाला मजकूरही जास्त होतो.

आता मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. १९६३ सालचं, दुसऱ्या वर्षी कॅल्डिकॉट पदक. सगळं पुस्तक मिळून ३३८ शब्द. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स भिंतीत खिळा ठोकतो, काटा घेऊन कुत्र्याच्या मागे धावतो. आई रागावते, तो उलट म्हणतो, ‘तुला खाऊन टाकीन’. मग जेवण न देता त्याला झोपायला पाठवलं जातं. इथवर एकही जादू नाही. जादू खोलीत सुरू होते: खाटेच्या खांबांची झाडं होतात, भिंती विरघळतात, समुद्र येतो, होडी येते आणि मॅक्स राक्षसांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होतो.

ही जादू कोणाकडून शिकलेली नाही की कोणाची चोरलेली नाही, ती रागातून उगवते. आणि ती शब्दांपेक्षा पानाच्या मांडणीत आहे. पहिलं चित्र पानाच्या मध्ये लहानसं, भोवती पांढरी जागा. मॅक्स घरापासून लांब जातो तसं चित्र वाढतं, पान व्यापतं, शेजारच्या पानावर सांडतं, आणि धिंगाणा ऐन रंगात येतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. परतीच्या वाटेवर शब्द पुन्हा जागा मिळवतात. राक्षस भयंकर दिसतात तरी ओळखीचे वाटतात, त्याचं कारण सेंडाक यांनीच सांगितलं आहे: लहानपणी घरी येणारे काका-मावश्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. गालगुच्चे घेत ‘खाऊन टाकू का तुला?’ म्हणणारी पाहुणेमंडळी आपल्याकडे काय कमी आहेत?

शेवट बघा. मॅक्स परत येतो तर खोलीत जेवण ठेवलेलं आहे आणि ते अजून गरम आहे. हे शेवटचे शब्द ज्या पानावर आहेत तिथे चित्रच नाही. कोणी माफी मागत नाही, मागायला लावत नाही. आई सबंध पुस्तकात एकदाही दिसत नाही. मुलाला उपाशी झोपवण्यावरून मानसतज्ज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ मध्ये या पुस्तकावर टीका केली होती, आणि आपल्याकडची कुठलीही आजी त्यांच्याच बाजूनं उभी राहील. पण ते गरम जेवण विसरून कसं चालेल? तापट मुलासाठी, ज्याला रागावल्यावर स्वतःचीच भीती वाटते अशा मुलासाठी, याच्या तोडीचं चित्रपुस्तक मला माहीत नाही. शांत, समजूतदार मुलं मात्र ते नुसतं बघून बाजूला ठेवतात, असंही होतं.

‘द कॅट इन द हॅट’ची गोष्ट निराळी. १९५४ मध्ये अमेरिकन लेखक जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ मासिकात लिहिलं की शाळेतली वाचनाची पुस्तकं कंटाळवाणी आहेत म्हणून मुलं वाचत नाहीत. त्यातून डॉ. स्यूस यांना ठरावीक शब्दांच्या यादीत राहून पुस्तक करायचं आव्हान मिळालं, आणि १९५७ मध्ये अवघे २३६ वेगवेगळे शब्द वापरून हे पुस्तक आलं. त्याची सगळी जान ठेक्यात आहे. ठेका गेला की उरतं एवढंच: पावसाळी दिवशी आई बाहेर गेलेली असताना टोपीवालं मांजर घरात शिरतं, पसारा करतं, यंत्र आणून आवरतं आणि जातं. म्हणून एक व्यवहारी गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही गोष्ट मराठीतून सांगणार असाल तर हे घेऊ नका. ‘स्ट्रेगा नोना’ मराठीत सांगताना काही बिघडत नाही, भांड्याचं गाणं स्वतःच्या चालीत बसवा, पाप्या मूल फुंकेल. वाइल्ड थिंग्जमध्ये तर ऐन मोक्याला शब्दच नाहीत. हे मांजर मात्र इंग्रजीतच नाचतं. मूल स्वतः इंग्रजी अक्षरं लावून वाचू लागलं असेल तर चौघांत हेच पहिलं.

त्याचा शेवट काही पालकांना खुपतो. आई दारात येण्याआधी सगळं आवरलेलं असतं, शिक्षा कोणालाच नाही, आणि शेवटी पुस्तक वाचणाऱ्यालाच विचारतं: आईनं विचारलं तर तू काय सांगशील? लपवाछपवी शिकवतं, अशी तक्रार ऐकू येते. मला तर तो प्रश्न आवडतो. उत्तर ऐकायची तयारी मात्र हवी.

चौथं, विल्यम स्टाइग यांचं ‘सिल्व्हेस्टर’, या यादीत चुकून येतं. १९७० चं कॅल्डिकॉट पदक त्याला आहे, चित्रं सुरेख आहेत, पण त्यात खोडी नाहीच. गाढवाच्या पिल्लाला इच्छा पुरवणारा लाल खडा सापडतो, वाटेत सिंह दिसतो, घाबरून ते ‘मी दगड झालो तर बरं’ म्हणतं आणि दगड होतं. खडा शेजारीच पडलेला, पण दगडाला हात कुठले? आईबाप शोधत राहतात, ऋतू जातात. शेवटी सगळे भेटतात आणि खडा तिजोरीत जातो. पोलिसांना डुकरांच्या रूपात काढल्यामुळे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या पोलीस संघटना चिडल्या होत्या. आज मुलांना त्यात काही खटकत नाही, तिथले सगळेच प्राणी आहेत. सहाच्या पुढच्या हळव्या मुलाला जरूर द्या. नुकतीच शाळा सुरू झालेल्या, आईला सोडताना रडणाऱ्या मुलाला अजिबात नको.

मूल कसं आहे हे माहीत नसताना भेट द्यायची असेल तर मी ‘स्ट्रेगा नोना’ घेईन. घरचंच मूल असेल आणि ते आदळआपट करणारं असेल तर क्षणभर विचार न करता वाइल्ड थिंग्ज. दोन भावंडांत मिळून एक हवं असेल तरी ‘स्ट्रेगा नोना’च, कारण मोठं वाचतं आणि धाकट्याला पूर पुरतो.

आवृत्ती बघून घ्या. वाइल्ड थिंग्ज लहान आकारात किंवा फोनच्या पडद्यावर पाहण्यात अर्थ नाही; चित्राचं वाढत जाणंच त्यात हरवतं, आणि जोडपान मधोमध तुटलं तर धिंगाण्यातली मजाच गेली. त्यासाठी मोठ्या आकाराच्या प्रतीचे जास्तीचे पैसे मोजा. ‘कॅट’ची साधी पेपरबॅक प्रत चालते, ते हाताळून फाटायचंच असतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘स्ट्रेगा नोना’ मिळालं तर आधी पुराची पानं शाबूत आहेत ना ते तपासा, मुलांच्या हातून सगळ्यात आधी तीच सुटतात.