आठ महिने, एक सेडान आणि एक बिनकामाचं बटण

नऊ दिवस बाहेरगावी होतो. परत येऊन दाराला हात लावला तर आठ महिन्यांपूर्वी घेतलेली सेडान ढिम्म. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली ओढून काढली आणि दार उघडलं (ड्रायव्हरच्या हँडलवरच्या टोपणाखाली तिचं भोक असतं, पहिल्याच दिवशी शोधून ठेवा). स्टार्टचं बटण दाबलं, मीटरवर एक दिवा कसाबसा लुकलुकला आणि विझला. ढकलून तरी बाजूला घेऊ म्हटलं, तर तेही जमेना. नव्या मॉडेलमध्ये हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक, गिअरही विजेच्या इशाऱ्यावर चालणारा. बॅटरी मेली की चाकं जागची हलत नाहीत. जुन्या मॉडेलला दांडा खाली केला, न्यूट्रल टाकला की दोघांच्या धक्क्यात काम व्हायचं.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती पुन्हा सांगत नाही. मी मधलं व्हेरिएंट घेतलं. बेसमध्ये मागे एसीचे व्हेंट नाहीत, त्यामुळे ते बाद. टॉपमध्ये सनरूफ, 18 इंची चाकं, 360 अंशांचा कॅमेरा, कंपनीचा डॅशकॅम (समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा). सनरूफमुळे मागे उंच माणसाचं डोकं छताला टेकतं. सहा फुटी भावाला शोरूममध्ये बसवून खात्री केली. टॉपचे टायर 235/45 आर 18, मधल्याचे 215/55 आर 17. चाकाची बाहेरची उंची जवळपास तीच, पण टायरची भिंत 118 मिलिमीटरवरून 106 वर येते. म्हणजे खड्ड्याचा दणका थेट रिमला, आणि बदलताना टायरही महाग. एवढा हिशेब करून मधलं घेतलं आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश झालो.

ते डिलिव्हरीपर्यंत टिकलं. गिअरच्या बाजूला तीन बटणं आहेत: हँडब्रेक, ड्राइव्ह मोड आणि तिसरं कोरं. ना अक्षर, ना दिवा, दाबलं तर दबतही नाही. टॉपमध्ये तिथे ‘ऑटो होल्ड’ असतं. सिग्नलला गाडी थांबली की ब्रेकवरून पाय काढायचा, गाडी जागेवर उभी राहते. आता मला सांगा, या कामाला वेगळं काय लागतं? ब्रेकचं प्रेशर धरून ठेवतात ते ईएससीचे (गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेचे) व्हॉल्व्ह, ते माझ्या गाडीत आहेत. फार वेळ झाला की इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक लागतो, तोही आहे. उरलं काय, तर सॉफ्टवेअर आणि एक बटण. सनरूफ नाही दिलं, मान्य, काच आणि मोटर लागते. पण हे? आठ महिने प्रत्येक सिग्नलला पाय ब्रेकवर दाबून मी त्या कोऱ्या बटणाकडे बघतोय. बायको म्हणते, गाडीत बाकीही वस्तू आहेत.

आहेत, कबूल. अडॅप्टिव्ह क्रूझला मी आधी नावं ठेवत होतो. चार तासांच्या सलग प्रवासानंतर मत बदललं. पुढच्या गाडीमागे अंतर राखून इतकी शांत चालते की उतरताना पाठ, पाय काही बोललं नाही. लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारं) मात्र पहिल्या आठवड्यापासूनच बंद करतोय. पुसट पट्टा दिसला की स्टिअरिंग ओढतं, आणि गाडी सुरू केली की दर वेळी आपोआप चालू होतं. डिकी मोठी, पण तोंड अरुंद. मागची सीट आरामाची. फोन वायरशिवाय जोडला जातो, अधूनमधून रुसतो.

आता बॅटरीचं. जंप स्टार्ट करून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली आणि आवाज चढवूनच आत गेलो. आठ महिन्यांत बॅटरी बसतेच कशी, वॉरंटीत बदला. तिथल्या मुलाने शांतपणे फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं आणि एक लाल वायर दोन बोटांत धरून दाखवली. “ही आमची नाही.” माझी होती. कंपनीचा डॅशकॅम वाचवला म्हणून मी बाहेरून एक बसवून घेतला होता, आणि त्याचा वायरिंग किटही सगळ्यात स्वस्तातला, व्होल्टेज उतरलं की पुरवठा तोडणारा कट-ऑफ नसलेला. पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग चालू. पाव अँपिअर धरला तरी दिवसाला 6 अँपिअर-तास, नऊ दिवसांचे 54. बॅटरी 60 ची. गणित मीच तिथल्या खुर्चीवर बसून केलं आणि आवाज खाली आणला. नवी बॅटरी स्वतःच्या खिशातून. वर बॅटरी व्यवस्थापनाचा सेन्सर रीसेट करायचे वेगळे पैसे लावले, त्यावर मात्र वीस मिनिटं वाद घातला आणि ते माफ करून घेतले.

म्हणजे वर गाडीवर जो राग काढलाय, त्यातला अर्धा माझ्यावर जातो. खोडत नाही, कारण हँडब्रेकचं म्हणणं अजून तेच आहे. डॅशकॅम घेणार असाल तर कट-ऑफवाला किट घ्या आणि कट-ऑफ 12.2 व्होल्टच्या खाली लावू नका.

निघताना त्याच मुलाला विचारलं, ऑटो होल्ड चालू करून देता येईल का? म्हणाला, बटणांचं पॅनेल बदलता येईल, पण कोडिंग (गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालू करणं) आम्हाला करता येत नाही. घरी येऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने ते कोरं बटण हळूच उचकटलं. मागे कनेक्टर लटकतोय, टेप गुंडाळलेला, पूर्ण वायरिंगसकट.

पुढची सर्व्हिस दोन महिन्यांनी आहे. फोटो काढून ठेवलाय.